मागच्या मेंढीची चाल

शेळगाव,
२२ ऑगस्ट १९९९

ती. आत्यांना सुकन्याचा नमस्कार.

कॉम्प्युटरच्या परीक्षेचा निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला. तुम्ही आधी टक्के विचाराल म्हणून लिहिते, अडुसष्ट.

दुसरी बातमी त्याहून मोठी. भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर आप्पासाहेबांचे चार गाळे आहेत, त्यातला कडेचा रिकामा झाला आहे. मी टायपिंग आणि छपाईचं दुकान काढणार म्हटल्यावर ते आधी हसले, मग म्हणाले, "घटस्थापनेपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो. त्या दिवशी यंत्र बसलेलं दिसलं तर गाळा तुझा. न्हायतर फोटो स्टुडिओवाला रोज दारात उभा हाय." कारखान्याची माणसं, ऊसवाल्यांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, काम भरपूर आहे. आत्ता या सगळ्यासाठी लोक बारामतीला नाहीतर इंदापूरला जातात.

पास झालीस तर कॉम्प्युटर मी घेऊन देईन, असं तुम्ही म्हणाला होता आणि रक्कमही ठरवून दिली होती. बारामतीच्या ऋषिराजच्या दुकानातून मी दरांचे दोन कागद आणले आहेत. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर म्हणून एक भाग असतो, ते त्याचं डोकं. एका कागदावर पेंटियम थ्री आहे, म्हणजे सर्वांत नवा आणि सर्वांत महाग. दुसऱ्यावर सेलेरॉन आहे, त्याच कंपनीचा स्वस्तातला.

मला वाटतं सेलेरॉन पुरेल. आबांचंही तेच मत आहे. त्यांनीच ठरवलं म्हणा ना.

तब्येतीची काळजी घ्या. आई विचारते, शेवग्याच्या शेंगा पाठवू का?

तुमची,
सुकन्या


बारामती,
२६ ऑगस्ट १९९९

चि. सुकन्या, आशीर्वाद.

अडुसष्ट ठीक. शेंगा पाठवू नका, मागच्या अजून आहेत.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करून ठेवलं आहे. 'आबांनीच ठरवलं म्हणा ना.' का ठरवलं? तुझा बाप कॉम्प्युटरचा परीक्षक कधीपासून झाला?

तुला एक गोष्ट सांगते. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी बी. एस्सी. करायला पुण्याला निघाले. शेळगावातून पहिली मुलगी. त्याच महिन्यात आमच्या घरी लोणंदच्या बाजारातून मेंढा आणला. पहिल्या नंबरचा. पाच जण त्याला बघायला आले. आणि माझ्यासाठी तात्याने, म्हणजे तुझ्या आबाने, पदार्थविज्ञानाचं पुस्तक आणलं. कुणीतरी वापरलेलं, कडा खाल्लेलं, पानापानावर रेघा मारलेलं. माझ्या शेजारची मुलगी नव्या पुस्तकाचा वास घेत वाचायची. मी माझं मांडीवर ठेवून वाचायची, कुणाला दिसू नये म्हणून.

चाळीस वर्षं झाली. मेंढरं विकून ऊस लावला, पण त्या घराची रीत तीच आहे. मुलीला घ्यायचं ते दुय्यम.

पेंटियम घ्यायचा. ऋषिराजला मी तशी चिठ्ठी पाठवली आहे. तो माझा विद्यार्थी आहे, त्याला माझं अक्षर कळतं. विषय संपला.

आत्या


शेळगाव,
३ सप्टेंबर १९९९

ती. आत्यांना नमस्कार.

तुम्ही म्हणाल तसं. पेंटियम घेते.

ऋषिराजने तुमच्या रकमेत बसेल असा नवा कागद करून दिला. त्यात प्रिंटर साधा येतो, सुयांनी ठिपके ठिपके करत छापणारा. मेमरी निम्मी येते. वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा येत नाही. तो पुढेमागे घेता येईल. भवानीनगरला दिवसातून दोनतीनदाच वीज जाते.

दोन शाळा सहामाहीच्या प्रश्नपत्रिका देतो म्हणाल्या आहेत. एका शाळेचे हेडमास्तर म्हणाले, छपाई सुबक पाहिजे आणि वेळेवर पाहिजे, नाहीतर आम्हाला इंदापूर काही लांब नाही. बघू.

आमच्या शेजारचा म्हस्कू गावभर सांगतोय की एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. मला म्हणाला, "तीन महिन्यांसाठी कशाला घेतीस? त्यापरीस गिरणी टाक."

घटस्थापनेला सदतीस दिवस राहिले.

तुमची,
सुकन्या


बारामती,
७ सप्टेंबर १९९९

ती. तात्यास म्हाळसाचा नमस्कार.

हे कार्ड सुकन्याच तुला वाचून दाखवेल. तिच्यासमोर बोलायला माझी हरकत नाही.

तिचं पत्र आलं. पेंटियम घेते म्हणाली आणि पुढे 'हे येत नाही, ते येत नाही' अशी यादी लावली. हा रुसवा आहे, आणि तो तिचा नाही, तुझा आहे. स्वस्तातलं घेऊन वाचवायचं कुणासाठी? दारात अजून चार मेंढ्या बांधल्या आहेत म्हणे. पाचवी आणायची असेल तर सरळ सांग.

पोरीचं काम आहे. त्यात पडू नकोस.

म्हाळसा


शेळगाव,
१२ सप्टेंबर १९९९

ती. आत्यांना नमस्कार. आबा सांगतात तसंच उतरवून घेते आहे. शुद्ध करायला गेले तर ओरडतात.

म्हाळसे,

कार्ड पोचलं. पोरगी वाचता वाचता मधीच थांबली. मी म्हनलं वाच, तुझ्या आत्याच्या शिव्या मी काय पयल्यांदा खातोय व्हय?

आता ऐक. मी काय बी ठरवल्यालं न्हाय. तुझा पेंट्याम आन् तिचा शेलेरान, त्यातलं तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं, मला ठावं न्हाय. पोरीनं माझं नाव घातलं, कारन तिला वाटलं बापाचं नाव घातलं म्हंजी आत्या ऐकंल. तुला अजून वळखत न्हाय ती.

तिनं मला समजावलं ते आसं. कापूटरात एक डोकं आसतंया, ते लई पळतं. त्याच्या मागनं मेमरी चालती, तिच्या मागनं छापायचं मशीन, आन् समद्यांच्या खाली लाईट. मी म्हनलं, आगं, हे तर मेंढरांचं खांड हाय. खांड म्होरक्या मेंढ्याच्या चालीनं पोचतं व्हय? म्होरक्या किती बी ताठ आसू दे, मुक्कामाला खांड पोचतं ते मागच्या लंगड्या मेंढीच्या चालीनं. म्होरक्याला पेंड चारून काय उपेग न्हाय. लंगडीला उचलून घोड्यावर टाकायची, मग खांड येळंवर जातं. तू बी चालली हाईस माझ्यासंगं खांडामागं. इसरलीस व्हय?

पोरगी म्हनाली, आबा, हेच मला म्हनायचं व्हतं. मी म्हनलं, मग म्हनली का न्हाईस? तर रडाया लागली. (आत्या, मी रडले नव्हते. डोळ्यात कचरा गेला होता. सु.)

आन् आता त्या पुस्तकाचं. पोरीनं तुझं आदीचं पत्तर बी वाचून दावलं. चाळीस वरसं पोटात ठिवलंस, आन् एक दिस इचारलं न्हाईस.

दुकानदारानं दोन पुस्तकं म्होरं ठिवली व्हती. एक नवं, एक जुनं. नवं घ्यायची ऐपत व्हती, आपल्या बानं तेवढं बांधून दिलं व्हतं. पन मला वाचाया येत न्हाय. मंग मी रान बघतो तसं बघितलं. नव्यात कोन गेल्यालंच न्हवतं. जुन्यात पानापानावर रेघा, कडंला बारीक बारीक लिवल्यालं. म्हनलं, ह्या वाटनं कोनतरी आदी गेलाय. ज्या रानातनं आदी खांड गेलंय तितं पानी आसतंया. तेच उचललं. तुला एकटीला कोऱ्या रानात कशी सोडायची?

तुला कमी द्यावं म्हनून न्हवतं घेतलं.

पेंट्याम घ्यायचा तर घी. तुझा पैसा. पन मेंढरू चालवून बघितल्याबिगर कोन घेतं का? एकवीस तारखंला मंगळवार हाय. मी सकाळच्या येष्टीनं बारामतीला येतो. दोन्ही चालवून बघू. तुझं ते शाळंतलं घड्याळ घेऊन ये.

तात्याबा (अंगठा)

आत्या, आबांचं नाव घातलं ही माझी चूक. मला वाटलं वजन पडेल.
सुकन्या


बारामती,
२२ सप्टेंबर १९९९

चि. सुकन्या, आशीर्वाद.

काल तात्या आणि मी ऋषिराजच्या दुकानात जाऊन आलो. तुला मुद्दाम बोलावलं नाही. परीक्षा देणाऱ्याने पेपर तपासायला बसायचं नसतं.

ऋषिराज माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. मला बघून उभा राहिला. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, तेही उभं राहिलं. दुकानात गणपती बसला आहे. तात्याने त्याला नमस्कार केला, मग दोन्ही कॉम्प्युटरना केला आणि खुर्ची सोडून पोत्यावर बसला.

मी शाळेच्या क्रीडास्पर्धांचं घड्याळ नेलं होतं. ऋषिराजकडे एका पतसंस्थेचा मराठी अहवाल टाइप केलेला होता. दहा पानं. तोच दोन्हींवर छापायचा असं ठरवलं.

पहिली जोडी माझ्या हट्टाची. पेंटियम, निम्मी मेमरी आणि सुयांचा प्रिंटर. मी घड्याळ दाबलं. यंत्र करकर करत एकेक ओळ छापायला लागलं. तात्या उठला, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आला, तेव्हा सातवं पान चालू होतं. दहा पानांना चौदा मिनिटं. अक्षराच्या कडा दातेरी.

दुसरी जोडी तुझी. सेलेरॉन, दुप्पट मेमरी आणि लेसर प्रिंटर. दोन मिनिटं नऊ सेकंद. अक्षर पुस्तकासारखं.

तात्या माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हा प्रयोग नव्हे, ही लबाडी आहे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आठवीला शिकवलं होतं, ऋषिराज." तो म्हणाला, "हो मॅडम," आणि निमूट लेसर प्रिंटर काढून पेंटियमला जोडला. मेमरीही दुसऱ्याएवढी बसवली. आता फरक फक्त डोक्याचा.

दोन मिनिटं चार सेकंद.

म्हणजे सगळा फरक पाच सेकंदांचा. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तात्या म्हणाला, "पाच शेकंदात तंबाखू बी मळून हुईत न्हाय, म्हाळसे."

मी ऋषिराजला विचारलं, मग पेंटियम लागतो कुणाला? त्याने नीट उत्तर दिलं. हलणारी चित्रं करणाऱ्याला, इमारतींचे नकाशे काढणाऱ्याला, खेळ खेळणाऱ्याला. तिथे फरक मिनिटांचा पडतो. प्रश्नपत्रिकेला नाही. मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीस? म्हणाला, "मॅडम, तुमच्या चिठ्ठीत 'पेंटियमच' असं लिहून खाली दोन रेघा होत्या. शाळेत असताना दोन रेघांच्या पुढे कुणी बोललं का?"

एवढ्यात वीज गेली. पेंटियमचा पडदा काळा झाला. दुसऱ्याखाली बॅटरीचा डबा होता, तो टिकटिक करत चालू राहिला आणि प्रिंटर बंद पडला तरी अहवाल पडद्यावर जागच्या जागी होता. तात्या पोत्यावरून म्हणाला, "ही लंगडी घोड्यावर हाय." ऋषिराजला काही कळलं नाही. मी त्याला समजावून सांगितलं नाही.

निकाल असा. सेलेरॉन, दुप्पट मेमरी, लेसर प्रिंटर आणि बॅटरीचा डबा. पेंटियम वाईट नाही, तसं कुणाला सांगत सुटू नकोस. तुझ्या कामाला तो लागत नाही, एवढंच. चार ऑक्टोबरला ऋषिराज स्वतः भवानीनगरला येऊन सगळं बसवून देईल. गाडीभाडं मागितलं तर मला कळव.

आता तुझी चूक. तुझ्याकडे खरं कारण होतं आणि तू ते लिहिलं नाहीस. त्याच्या जागी बापाचं नाव लिहिलंस. घरात ती युक्ती चालत असेल. माझ्याकडे तिने तू नापास होणार होतीस आणि गाळा फोटोवाल्याला जाणार होता. पुढे दुकानात कुणी विचारलं, असं का छापलंस, तर 'आबा म्हणाले' किंवा 'आत्या म्हणाल्या' हे उत्तर चालणार नाही.

माझीही एक चूक झाली. तू 'हे येत नाही, ते येत नाही' असं लिहिलंस ते मी वाचलं, पण उत्तर आधीच ठरवून वाचलं. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, प्रश्न पूर्ण वाचा.

तात्याला दुपारच्या एसटीत बसवून दिलं. पुस्तकाविषयी काहीतरी बोलायचं म्हणून खिडकीशी उभी राहिले. त्याने विचारलं, "काय?" मी म्हटलं, "उन्हात फिरू नकोस." गाडी सुटली.

दुकानाच्या पाटीवर नाव फक्त तुझं घाल. बापाचं नको. माझं तर नकोच.

आत्या

ता. क. ऑक्टोबरच्या आठ तारखेला सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ एक पुडकं देते आहे, भवानीनगर स्टँडवर उतरवून घे. आत घड्याळ आहे, ते तुला. गिऱ्हाइकासमोर लावत जाऊ नकोस, लोक घाबरतात. आणि ते पुस्तक आहे. ते तात्याला दाखव. त्याला अक्षर येत नाही, पण रेघा ओळखेल.


भवानीनगर,
१२ ऑक्टोबर १९९९

ती. आत्यांना नमस्कार.

हे पत्र छापलेलं आहे म्हणून रागावू नका. दुकानातलं पहिलं छापील पत्र तुम्हालाच पाठवायचं ठरवलं होतं.

ऋषिराज चार तारखेला आला. गाडीभाडं मागितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नको, मॅडमना कळेल."

घटस्थापनेला आप्पासाहेब सकाळीच आले. दारात उभं राहून म्हणाले, "बघू, काय काय छापतंय." मी त्यांचंच नाव मोठ्या अक्षरात छापून दिलं. त्यांनी तो कागद घडी न घालता छातीशी धरून घरी नेला. फोटो स्टुडिओवाला संध्याकाळी आला होता. त्याने पाटी वाचली, 'सुकन्या टायपिंग आणि छपाई', आणि स्वतःची पावती पुस्तकं छापायला टाकून गेला.

दोन्ही शाळांच्या प्रश्नपत्रिका काल पोचवल्या. इंदापूर लांब नाही म्हणणाऱ्या हेडमास्तरांनी भिंग लावून पाहिल्या. मग विचारलं, कुठला प्रोसेसर? मी म्हटलं, सेलेरॉन. ते म्हणाले, पेंटियम का नाही घेतला? मी कारण सांगितलं. पूर्ण सांगितलं. आबांचं नाव एकदाही घेतलं नाही. ते म्हणाले, तिसऱ्या शाळेलाही तुझं नाव सांगतो.

प्रश्नपत्रिका छापताना तीनदा वीज गेली. एकही ओळ गेली नाही.

म्हस्कूने विचारलं, एकतीस डिसेंबरला काय करणार? मी म्हटलं, सुट्टी घेणार. त्याचं समाधान झालं.

पुडकं कंडक्टरने जपून आणलं होतं. मांडीवर ठेवून आणलं म्हणाला, बाईंनी तशी ताकीद दिली होती.

पुस्तक मी आबांच्या हातात दिलं. त्यांनी आधी हात धुतले. दुकानात पायरीवर बसून एकेक पान उलटत होते. पेन्सिलीच्या रेघांवरून बोट फिरवत होते, वाचत असल्यासारखं. मी गिऱ्हाइकाचा अर्ज टाइप करत होते, तरी माझं लक्ष तिकडेच. पुस्तकाच्या दोन तृतीयांशावर, प्रकाशाचा धडा सुरू होतो तिथे, आबा थांबले. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. मला हाक मारली.

"सुके, हितं रेघ बदलली बघ."

मी पाहिलं. तोवरच्या सगळ्या रेघा पेन्सिलीच्या होत्या. तिथून पुढे एकही पेन्सिलीची नव्हती. निळ्या शाईच्या होत्या, पट्टी लावून मारलेल्या. बाजूला बारीक अक्षर होतं, ते तुमचं होतं. आत्या, तुमचं अक्षर अजून तसंच आहे.

मी म्हटलं, "आबा, ही शाई आत्यांची आहे."

आबांनी शाईच्या रेघेवर बोट टेकवलं. मग शेवटच्या पानापर्यंत गेले. निळ्या रेघा शेवटच्या पानापर्यंत होत्या.

"हितवर त्यो व्हता संगं," ते म्हणाले. "हितनं पुढं म्हाळसा एकटीच गेलीय."

पुस्तक मिटून त्यांनी ते उपरण्यात गुंडाळलं.

"आन् पोचली की."

तुमची,
सुकन्या